विंगेतलं पाणी

दुसरा अंक सुरू झाला आणि मागच्या पडद्यावर रंगवलेला समुद्र हळूहळू विंगेत शिरतोय, असं प्रॉम्प्टरकाकांना वाटलं. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. खाली पाहिलं तर पाणीबिणी काही नव्हतं. त्यांचेच पाय सुजले होते आणि बुटांत मावत नव्हते.

त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली होती, समजावलंही होतं: गोळी मूत्रपिंडांना मीठ सोडायला लावते, मिठामागोमाग पाणी जातं, हृदयावरचा भार उतरतो. पण गोळी घेतली की सारखं मोरीकडे पळायचं, मग माणूस विंगेतल्या स्टुलावर टिकतोय कशाला! या आठवड्यात सकाळी तालीम आणि दुपारी प्रयोग, म्हणून काकांनी गोळीला सुट्टीच दिली होती. मागे एकदा चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन एकदम घेतल्या, तर पोटऱ्यांत गोळे आले आणि मोरीतच चक्कर आली. पाण्याबरोबर अंगातले क्षारही जातात, म्हणून डॉक्टरांनी तेव्हा चांगलं फैलावर घेतलं होतं.

स्टूल सोडणं शक्यच नव्हतं. नाटकातल्या मुख्य बाई हल्ली संवाद विसरायच्या. हे काकांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई अडल्या की काका असा अलगद शब्द पुरवायचे की पहिल्या रांगेला वाटावं, बाई काय सुरेख थांबतात! काका उठले असते तर बाईंची इतक्या वर्षांची अब्रू गेली असती.

आणि आता बाई अडल्या.

काकांना वाक्य दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण छातीत नुसतं बुडबुडलं. भीती वाटायला हवी होती, ती वाटेना. निळ्या लाटा मऊ होत्या. संहितेतली अक्षरं एकेक करून त्यांवर तरंगायला लागली.

बाईंनी विंगेकडे पाहिलं. मग भर प्रयोगात त्या रंगमंच सोडून काकांपाशी आल्या, पडदा पाडायला लावला, अँब्युलन्स बोलवायला सांगितली. पलीकडे टाळ्या पडल्या. लोकांना तो अंकाचा शेवट वाटला.

कुणीतरी काकांना आडवं करायला धावलं. आडवं केलं तर दम आणखी कोंडेल, म्हणून बाईंनी त्याला अडवलं आणि स्वतः मागे बसून काकांना ताठ धरलं.

"गोळी घेतली नाहीत ना?" काकांचे सुजलेले पाय पाहून बाईंनी विचारलं.

काकांनी मांडीवरच्या संहितेकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंना सगळं कळलं. त्यांचे डोळे भरून आले, पण रडायला वेळ नव्हता. त्या काकांच्या कानाशी वाकल्या.

"काका, आज मी सांगते. तुम्ही नुसते मागोमाग या. श्वास घ्या. सोडा. घ्या."

काका मागोमाग येत राहिले. बाहेर अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला तेव्हा ते एकदा अडखळले. बाईंनी पुढचा शब्द आधीच दिला होता.