शेवटचं भाषांतर

"विमानात फक्त आपलेच नागरिक बसतील, असं सांग त्यांना," राजदूत मिराशी यादीकडे बघत म्हणाले.

दूतावासाच्या फाटकाबाहेर सगळं शहर लोटलं होतं. हनीन त्याच शहरातली. त्यांची दुभाषी आणि दोन वर्षं त्यांचा जीव की प्राण. बॉम्ब पडायला लागल्यापासून "तुला सोडून जाणार नाही," असं रोज सांगणाऱ्या साहेबांना नियमाला वशिला चालत नाही, हे आजच आठवलं. तिला तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून गर्दीला सांगून भागवलं.

हनीनने शब्दन् शब्द भाषांतर केलं, गळ्यातलं ओळखपत्र यादीवर ठेवलं आणि ती फाटकापलीकडे गेली. तिथून वळून आपल्या भाषेत एकच वाक्य बोलली. बऱ्याच दिवसांनी गर्दी खो खो हसली.

"काय म्हणाली?" मिराशींनी सवयीने शेजारच्या रिकाम्या जागेला विचारलं.