पाचवा फाउल

डिसेंबर १९७९, शनिवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. नाशिकच्या कॉलेज मैदानावर बास्केटबॉलच्या सामन्यात फाउलची शिट्टी वाजली. बोर्डाखालच्या झटापटीत हात कोणाचा लागला, ते रेफरींना दिसलं नाही.

हात कॅप्टन करुणाचा होता. नियमाप्रमाणे तिनं तो वर केला. तिचे आणि तिच्याच संघातल्या, निफाडहून आलेल्या मंदाचे चार-चार फाउल झाले होते, पाचव्याला बाहेर. करुणाच्या चारांतले दोन मंदाचेच, तिनं अंगावर घेतलेले, कारण विद्यापीठाचे निवडकर्ते मंदालाच बघायला येणार होते.

तेवढ्यात मंदानंही हात वर केला. "माझा लागला सर, ताईचा नाय!"

"शपथ सर, मीच!" करुणा कळवळली.

रेफरी हसले. "पोरी, तुझी सवय अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे."


निवडकर्ते साडेपाचला आले, तेव्हा मंदा बाकावर बसून ताईसाठी टाळ्या वाजवत होती.