मागच्या खिडकीतला कप

“ह्याला कॉफी, ती पण माझ्या हातची,” वनजा गॅसपाशी पुटपुटली. बाहेर तिच्या मुलाचा, गगनचा, इंग्लंडमधला जुना साहेब बसला होता; दसऱ्यासाठी म्हैसूरला आलेला. तिथल्या ऑफिसात त्यानं गगनचा कप वेगळा ठेवायला लावला होता. गगननं वर्णभेदाचा दावा केला, तर कामगार न्यायाधिकरणानं तो पहिल्याच तारखेला फेटाळला: वेगळा कप म्हणजे पुरावा नव्हे. वनजानं घरच्यांना स्टीलचे पेले दिले. साहेबासाठी मात्र मागच्या खिडकीतला कान तुटलेला कप काढला. “माझाच वेगळा का?” साहेबानं हसत विचारलं. गगननं ते आईला मराठीत सांगितलं. “पुरावा काय, विचार त्याला,” वनजा साखर पुढे सरकवत म्हणाली. मागच्या दारात भांडी घासणारी निंगम्मा हात पुसत उभी होती. “अम्मा, तो कप माझा,” ती म्हणाली. “वेगळा का, ते मलाही ऐकायचंय.”