रिकाम्या खुर्चीचा आकडा

अंगावरच्या सेन्सरचा सिग्नल शरीरात किती अडतो, हे मोजायचं तिचं काम. माणूस बसवण्याआधी रिकाम्या खुर्चीचं माप घ्यायचं, हा प्रयोगशाळेचा नियम; तो आकडा शून्य यायला हवा.

आज खुर्ची रिकामी होती, तरी सिग्नल अडत होता. श्वास घेतल्यासारखा, कमी-जास्त.

"एवढंही धड जमत नाही तुला?" सर नेहमीसारखे खेकसले आणि तावातावाने स्वतःच खुर्चीत जाऊन बसले.

आकडा दुप्पट झाला. पडद्यावर दोन श्वास दिसू लागले.

"सर, उठा!"

हळूहळू दोन्ही श्वास एक झाले. मग सर उठले. आकडा शून्यावर आला.

"बघ, आहे ना रिकामी?" सर म्हणाले आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसले.