गिटारची पारख

मोर्शीचे खुशालराव संत्र्याची बाग नुसत्या नजरेनं जोखतात, फळाला हातही लावत नाहीत. परवा अमरावतीच्या रॉक शोला ते पहिल्या रांगेत येऊन बसले, तेही जोखायलाच. घरून निघताना लेकीला, दामिनीला, त्यांनी बजावलं होतं, "गिटारचा आवाज पटला तं पुन्याले जाय शिकाले. नाई पटला तं गिटार माळ्यावर."

स्टेजवर दामिनी पाय रोवून, मान खाली घालून गिटारवर धून वाजवत होती. शेजारी अंकुर केस उडवत, उड्या मारत बेस गिटारवर खालच्या सुरात नुसता ठेका धरून तिला साथ देत होता. गाणं संपलं आणि खुशालराव वावरात हाक मारावी तशा आवाजात बायकोला म्हणाले, "गिटार जबरदस्त हाये त्या पोराची. आपली पोरगी नुसती उभी."

हे थेट स्टेजपर्यंत पोचलं. पुढच्या गाण्यात, ऐन रंगात, दामिनीनं दोन्ही हात तारांवरून उचलले आणि सगळ्यांना दिसतील असे वर धरले. धून तिथंच तुटली. अंकुर मात्र उड्या मारतच होता.

"पाह्यलं?" खुशालराव बायकोला त्याच आवाजात म्हणाले. "त्या पोराची वायर निघाली."



दामिनीनं गळ्यातली गिटार काढून अंकुरच्या हातात दिली आणि माईकवर म्हणाली, "बाबा, वायर घट्ट हाये. आता आयका, आन् पटली तं पुन्याले यालेच पाठवा."