पायाचं माप

कोल्हापुरात, पंचाहत्तर सालची गोष्ट. चपलांचे कारागीर अण्णासो हल्ली तरण्या गिऱ्हाइकाचं माप घेण्याआधी नडगीवर अंगठा दाबून बघायचे. त्या दिवशी कॉलेजातल्या एका पोरीच्या पायावर अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला.

"पोरी, चप्पल ऱ्हाऊ दे. आधी डाक्टरला पाय दाखीव. सूज काळजाचीबी असती, किडनीचीबी असती."

"चप्पल द्यायची नसंल तर तसं सांगा की!" पोरगी तणतणत निघून गेली.

"आबा, आपण चपला विकतोय का औषधं?" थोरला मुलगा वैतागला. "ह्या महिन्यातलं हे तिसरं गिऱ्हाईक घालवलंसा."

अण्णासो खाली मान घालून चामडं कापत राहिले.

 

मागल्या साली श्यामला नावाची तरणी मास्तरीण चप्पल घट्ट होते म्हणून तीनदा आली, आणि तिन्ही वेळा त्यांनी हसत हसत ती सैल करून दिली. चौथ्यांदा चप्पल परत घेऊन तिचे वडीलच आले. म्हणाले, "किडनीनं गेली हो पोर. पायाची सूज कुणाच्या ध्यानातच आली नाही."