ओला दगड

कपड्यांचं टोपलं उतरवताना भागरताला दिसलं, बोडीच्या काठावरचा धुण्याचा दगड आधीच ओला होता.

"आपल्याआधी कोण आलं होतं, सायत्रे?"

"कोणीच नाही, बाई. गाव अजून चुलीपुढंच आहे," धाकटी जाऊ म्हणाली आणि लुगडं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली.

मागच्या उन्हाळ्यात गावानं जंगलातली दलदल फोडली होती. हरणं धान खायला शिवारात येत, त्यांना आतच चारा मिळावा म्हणून तिथं कुरण करायचं ठरलं. घरटी एक माणूस फावडं घेऊन गेला, चर खणला, वनरक्षकानं गवताचं बी टाकलं. निघालेलं पाणी वाया का घालवायचं, म्हणून चर थेट गावाच्या बोडीत आणला. ही अक्कल भागरताच्या नवऱ्याची. त्या साली धानाला हरणाचं तोंड लागलं नाही. पोळ्याला गावानं त्याला फेटा बांधला.

पूर्वी होळी झाली की दलदलीकडं कुणी फिरकत नसे. उन्हाळाभर वाघ तिथं गळ्यापर्यंत पाण्यात बसायचा, आणि तेवढी जागा गावानं त्याला सोडली होती. चर खणताना त्याची आठवण कुणालाच झाली नाही.

आता होळी होऊन गेली होती. सायत्राच्या मागं, कमळाची पानं हळूच बाजूला सरकली. वारा नव्हता.

भागरता निजलेलं लेकरू उठू नये अशा आवाजात म्हणाली, "सायत्रे, माझ्याकडंच बघ. लुगडं सोड आणि सावकाश वर ये."